भंडाऱ्याची पुडी

आमच्या ह्यांनी तीन वेळा बेल-भंडारा उचलून दारू सोडली आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत पुन्हा धरली. त्या शपथांचा मला दारूपेक्षा जास्त संताप आहे. खंडोबासमोर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घ्यायचा, पुन्हा शिवणार नाही म्हणायचं, की सुटला माणूस, अशी सगळ्यांची समजूत. थोरले दीर पुढाकार घेत, चार शहाणे साक्षीला येत, नारळ फुटे. तिसऱ्या खेपेला तर त्या साक्षीदारांपैकीच एकजण ह्यांना देवळातून परस्पर नदीकाठच्या भट्टीवर घेऊन गेला. दारूबंदीचा कायदा होता म्हणे. असेल. काठावरच्या बाभळींना तो ठाऊक नव्हता.

चिंचवडला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा दिरांनी शब्द टाकून ह्यांना तिथे चिकटवलं होतं. आता साहेबांनी बजावलं होतं, की पुन्हा पिऊन यंत्रावर दिसलात तर गावी जायचं. गावी जायचं म्हणजे पिणारा नवरा घेऊन सासऱ्यांच्या दारात उभं राहायचं. म्हणून मी माझ्या अकलेने उपाय काढला. तिसऱ्या शपथेचा उरलेला भंडारा कागदात बांधून देव्हाऱ्यात ठेवला आणि रोज सकाळी डबा देण्याआधी ती पुडी ह्यांच्यासमोर धरू लागले. हात लावल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. हे हात लावत, मान खाली घालून सायकल काढत आणि संध्याकाळी पिऊन येत.

दिघीहून भाजी घेऊन येणारी एक बाई होती. तिने सांगितलं, की त्यांच्याकडे एका सुताराच्या मेटावर, त्याच्या कामाच्या छपरात, दारू सोडलेली माणसं रोज चार वाजता जमतात, तिचा नवराही त्यातलाच. ह्यांना सांगून हे ऐकतील कशाला, म्हणून मीच चालत निघाले. भोसरीत एकाला वाट विचारली, तर तो शेजारच्याला म्हणाला, दारुड्यांचं मंडळ निघालंय बरं का राव, आणि बाईमाणूस मेंबर व्हायला चाललंय. दोघं हसले. मी त्याला असं काही सुनावलं, की त्याने निमूट वाट दाखवली.

मेटावर बैलगाडीची चाकं आणि भुशाचे ढीग होते. पाच-सहाजण बसले होते, त्यातले दोन पलटणीतून परतलेले. म्हातारा सुतार बोलता बोलता काम करत होता. उद्या नवऱ्याला आणते म्हटलं, तर म्हणाला, आणू नका, नुसतं सांगा, यायचं तेव्हा येतील. माझं डोकंच फिरलं. तोवर नोकरी गेली तर हा पोसणार होता का आम्हाला? तुम्ही कसली शपथ देता तेवढं सांगा, आणखी एक घेतील, असं मी फणकाऱ्याने म्हटलं.

त्याने पटाशी खाली ठेवली. "हितं शपथ न्हाई, बाई. शपथ मोडली की माणूस तोंड लपवतो, आन लपायला भट्टीबिगर जागा न्हाई. आमच्यात ज्यानं काल घेतली, त्यानं आज यायचं आन घेतली म्हणून सांगायचं. येवढाच कायदा हाय."

हा कसला कायदा, असं पुटपुटत मी परतले आणि घरी आल्यावर ह्यांच्या अंगावर सगळं ओरडले. त्यानंतर पंधरा दिवसांनी साहेबांनी ह्यांना आठ दिवस घरी बसवलं. शेवटची संधी म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी सायकल काढली आणि दिघीला जाऊन येतो म्हणाले. माझा काडीचा विश्वास नव्हता. मी मागे कॅरिअरवर बसले.

हे आत गेले. मी कुडाच्या भिंतीला पाठ लावून बाहेर बसले आणि लाज न बाळगता ऐकलं. दोघातिघांचं सांगून झाल्यावर हे म्हणाले, "सकाळी ती पुडी म्होरं आली की वाटतं, आज परत देवाला खोटा ठरणार. मग ठरायचंच हाय, तर ठरतो आन मोकळा होतो."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. मला एका शब्दाने बोलले नव्हते, आणि भुशात बसलेल्या परक्यांना सांगत होते. आत जाऊन दोन्ही खांदे धरून हलवावं असं वाटलं. त्याहून जास्त राग माझा मला आला, पुडी धरणाऱ्या हाताचा. घरी गेल्या गेल्या भंडारा देवाच्या पायाशी रिकामा केला आणि कागद चुलीत घातला.

हे कामावर परत गेले आणि तीनला शिफ्ट सुटली की रोज चारला दिघी गाठू लागले. आठव्या दिवशी संध्याकाळी उंबऱ्याबाहेरच थांबले. एरवी माझ्या गळ्याशपथ घेऊन नाही म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "आज घेतली."

मी ताट आपटून वाढलं, पण वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पुडी राहिली नव्हती तरी, जुन्या सवयीने हे देव्हाऱ्यापुढे हात पुढे करून उभे राहिले. मी त्या हातात डबा दिला.

"शिफ्ट सुटली की दिघीला जाऊन सांगा," मी म्हटलं. "मी मागे बसणार नाही."