तीन तास मागे

आमच्या वॉर्डातल्या कॉम्प्युटरचं सगळं पाहणाऱ्या माणसाला आम्ही मास्तर म्हणायचो. आधी ते टायपिंगच्या क्लासात शिकवायचे. क्लास बंद पडला, हाक तेवढी राहिली. बारीक अंगकाठी, खिशात स्क्रूड्रायव्हर, आणि आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याने दोन पावलं पुढे यावं. मी त्या वॉर्डची मोठी सिस्टर. अकरा वर्षं त्यांना रोज पाहिलं, म्हणून लिहिते.

कुणाला कोणतं औषध कधी दिलं याची नोंद ठेवणारा एक प्रोग्राम मास्तरांनी शोधून काढला. फुकटचा आणि चांगला, पण लिनक्स नावाच्या वेगळ्या सिस्टिमसाठी बनवलेला. आमची मशीनं सगळी विंडोजची. वेगळा सर्व्हर मागितला तर मॅनेजर म्हणाले, "आहे त्यात भागवा, मास्तर. तुम्हाला काय अशक्य आहे?" मग मास्तरांनी आमच्या टेबलावरच्या जुन्या मशीनमध्येच लिनक्सला जागा करून दिली आणि तो प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच्यापुरत्या बंद डब्यात, घालून तिथे चालवला. मला समजावताना म्हणाले, "भाडेकरू ठेवल्यासारखं आहे, सिस्टर. चूल त्याची, भांडी त्याची. भिंती आणि पाणी घरमालकाचं."

"आणि घरमालक झोपला तर?" मी गमतीने विचारलं.

ते हसले नाहीत.

इंजेक्शन दिलं की आम्ही 'दिलं' असं बटण दाबायचो. वेळ प्रोग्राम स्वतः घालायचा. विजेसाठी मॅनेजरांचं फर्मान होतं की वापर नसेल तेव्हा मशीन झोपलं पाहिजे. उठल्यावर मशीनचं घड्याळ बरोबर असायचं, पण आमच्या त्या मांडणीत आतल्या लिनक्सचं घड्याळ झोप लागली तिथूनच पुढे चालायचं. मास्तरांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दिवसातून चारदा येऊन ते लिनक्स बंद करून पुन्हा चालू करायचे, की वेळ जुळायची.

"काय हो, सारखी काय पूजा करता त्याची?" मी म्हणायची.

"सवय." मीही पुढे खोदून विचारलं नाही.

एका मंगळवारी सकाळी आठच्या आधी येऊन मास्तरांनी लिनक्स बंद-चालू केलं आणि बायकोच्या तपासणीसाठी रजा घेऊन गेले. त्या दिवशी एका बाईंना दुपारी दोनचं इंजेक्शन धाकटीने दिलं. धाकटी म्हणजे आमची सगळ्यात नवी सिस्टर. मी त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर होते. संध्याकाळी त्या बाई गेल्या. नोंद काढली, तर पहिलं इंजेक्शन आठला आणि दुसरं अकराला. सहा तासांचं अंतर हवं, तिथे तीनच. नवऱ्याने तक्रार केली आणि धाकटीला घरी बसवलं. चौकशीत दोषी ठरली असती तर तिचं रजिस्ट्रेशन रद्द, पुन्हा नर्स म्हणून उभं राहायची सोय नाही.

"दोनलाच दिलं हो सिस्टर, देवाशपथ," एवढंच ती म्हणायची. मी पाहिलं नव्हतं, मी काय साक्ष देणार?

मास्तर बुधवारी आले, सवयीने आधी लिनक्स बंद-चालू केलं, आणि मग बातमी ऐकली. मागे पडलेलं घड्याळ दाखवायलाही आता उरलं नव्हतं. चार दिवस ते मुके झाले. पाचव्या दिवशी औषधांच्या कपाटापाशी गाठून त्यांनी मला सगळं सांगितलं.

"मला सांगून तिचं काय होणार, मास्तर?"

"चौकशीत बोललो तर माझी नोकरी जाईल, सिस्टर. हिची औषधं इथूनच मिळतात."

"माहीत आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

चौकशीला मॅनेजर, दोन डॉक्टर, त्या बाईंचा नवरा, धाकटी आणि मी होतो. मास्तरांनी आपणहून येऊन घड्याळाचं सांगितलं, मशीन झोपवलं आणि म्हणाले, "एक तास कोणी हात लावू नका." काळ्या पडद्याकडे पाहत आम्ही तासभर बसलो, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. मी मनात नाम घेत होते, पण देवाकडे काय मागावं ते कळेना. त्यांचं खरं निघालं तर मास्तर जाणार, खोटं निघालं तर पोर जाणार.

मशीन उठवलं. धाकटीने बटण दाबलं. भिंतीवर बारा वाजून दहा. नोंदीत अकरा वाजून दहा.

"कधीपासून माहीत होतं?" मॅनेजरांनी विचारलं.

"आठ महिने."

"आणि तोंड शिवून बसलात?"

"बोललो असतो तर तुम्हीच म्हणाला असतात, भागत नसेल तर गाशा गुंडाळा."

तेवढ्यात त्या बाईंचा नवरा बोलला. "म्हणजे इंजेक्शन वेळेवर होतं. मग माझी बायको कशाने गेली?"

डॉक्टर कागद चाळू लागले. त्या कागदांवरची एकही वेळ आता खरी धरता येत नव्हती.

"ते आता कळणार नाही," मास्तर म्हणाले. "माझ्यामुळे."

धाकटी कामावर परतली. मास्तरांना त्याच दिवशी काढलं.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी निघाले, तेव्हा धाकटीला म्हटलं, "चल, दोन शब्द बोल."

"नको, सिस्टर. चार दिवस ते गप्प होते. त्या चार दिवसांत माझ्या सख्ख्या आईने मला विचारलं, खरं सांग, विसरलीस ना?"

मी एकटीच गेले. मास्तरांनी दार उघडलं, माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं, मागून आणखी कोणी येतंय का म्हणून. मग म्हणाले, "या, बसा. हिला आत्ताच डोळा लागलाय."