चूर्णाच्या साइटवरची समाधानी आजी

मामांनी डायबेटिसच्या गोळ्या बंद केल्या, हे मला मामीनं फोनवर सांगितलं. "चक्कर येतीया त्यास्नी, आन् म्हंत्यात, सायटीवर लिवलंय, सुरवातीला असं व्हणारच." मी शिरूरला राहते, रांजणगावच्या एका कंपनीत नोकरी करते. रविवार होता. गाडी काढली आणि खुटबाव गाठलं.

मामा ओट्यावर बसले होते. तोंड उतरलेलं, पण बोलणं ठसक्यात. शेजारी त्या साइटवरून मागवलेला चूर्णाचा डबा. त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

"बघ, डॉक्टर हाय. पांढरा कोट हाय. येडा हाय का त्यो?"

"मामा, पण त्याचं नाव कुठंय? दवाखाना कुठला, डिग्री कुठली?"

"तुला समदं खोटंच दिसतं. खाली लोकांनी लिवलंय म्हणं, फायदा झाला म्हणून."

बारीक अक्षर दिसत नसल्यानं ते स्वतः खालपर्यंत कधी गेलेच नव्हते. मी पान सरकवत गेले. बऱ्या झालेल्या लोकांचे फोटो लागले, आणि एका बाईवर माझं बोट थांबलं.

ती माझी आई होती.

शेवंतीच्या सरीत उभी, कमरेवर पाटी, उन्हानं डोळे बारीक केलेले. फुलशेतीची माहिती इंटरनेटवर टाकणाऱ्या एकानं मामांच्याच शेतात काढलेला फोटो. फोटो झळकल्यावर आईनं अख्ख्या आळीला दाखवला होता. नेटवरूनच कुणीतरी तो उचलला. खाली लिहिलं होतं, 'गोळ्या सोडल्या, चूर्ण घेतलं, आता दिवसभर शेतात राबते. एक समाधानी आजी, जळगाव.'

माझी आई साखरेनंच गेली. किडन्या निकामी झाल्या. दौंडला डायलिसिसला मीच तिला धरून न्यायचे. शेवटी शेवटी पाण्याचा घोटसुद्धा तिला बेतानं द्यावा लागायचा. आणि इथं तिच्या तोंडी हे!

फोटो मोठा करून मी तो मामांकडं दिला. त्यांनी डोळ्यांजवळ नेला.

"आक्का? काय लिवलंय गं खाली?"

मी वाचून दाखवलं. मामा भिंत धरत अंगणात गेले, डबा उकिरड्यावर पालथा केला आणि थुंकले. मी त्यांना तसंच दौंडला नेलं. डॉक्टरांनी साखर बघितली आणि लगेच दाखल करून घेतलं. त्यातून ते उठले, पण आता रोज इंजेक्शन घ्यावं लागतं.

त्या साइटला मी तक्रार लिहिली. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' असा मेसेज आला आणि त्याच्याखाली चूर्णाचीच जाहिरात. मी लिहीतच राहिले. शेवटी आईचा फोटो निघाला. तिच्या जागी आता दुसरीच एक म्हातारी आहे, गव्हाच्या पेंढ्यांपाशी बसलेली. मजकूर तोच, जळगावसकट. ती कुठली, जिवंत आहे की नाही, कळायला मार्ग नाही.

मामा अधूनमधून फोन करून विचारतात, "बंद झाली का गं ती सायट?"

नाही म्हटलं की एक शिवी हासडतात आणि फोन ठेवतात.