खाडीतला कुकर

नेदरलंड्समध्ये हार्लेमला माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका शांततेचा लोभी माणूस मी अजून पाहिलेला नाही. ट्रेनमध्ये ते फक्त सायलेंट डब्यात बसतात आणि कुणी बोललं, तर त्याच्याकडे इतक्या दुःखी चेहऱ्याने बघतात की तो बिचारा उठून दुसऱ्या डब्यात जातो. माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा खिशातून फेल्टचे तुकडे काढून त्यांनी आधी माझ्या खुर्च्यांच्या पायांना चिकटवले आणि मग बसले. घराची बेल तर त्यांनी काढूनच टाकली आहे. पाहुण्यांनी खालून फोन करायचा, आणि फोन सायलेंटवर. एकदा गणपतीच्या आरतीला बोलावलेली मंडळी खाली पावसात उभी होती, आणि वर काका, अजून कुणीच कसं आलं नाही, म्हणून खट्टू. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे मी त्यांची लाडकी. 'तुझ्याशी गप्पा मारल्या की बरं वाटतं,' असं ते मला नेहमी सांगतात.

काकू लग्नानंतर डिपेंडंट व्हिसावर आल्या, आता एका पाळणाघरात नोकरी करतात. दिवसभर मुलांच्या कल्ल्यात असतात आणि घरात पाऊल टाकलं की आवाज उतरवतात. या दोघांचं एकमेकांशी काय बोलणं होत असेल, याचं मला भारी कुतूहल होतं.

काकांना नोकरी सोडून शिडाची बोट घ्यायची होती आणि अर्धं वर्ष पाण्यावर राहायचं होतं. बोट चालवायला ते फ्रीसलंडच्या तळ्यांवर शिकले, जिथे पाण्यात पडलं तरी उभं राहता येतं. काकूंची अट होती, आधी भाड्याच्या बोटीवर राहून बघायचं. त्या नाही म्हणाल्या, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. म्हणून या हिवाळ्यात दोघं कॅरिबियनला गेले, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर.

उघड्या समुद्रात शिरताच काकांना बोट लागली. काकूंनी सुकाणू धरलं, काका आडवे पडून बोटाने दिशा दाखवत राहिले. अशा थाटात ते त्या निवांत खाडीत पोचले. नांगर पडला. लांबवर दोनच बोटी, वारा पडलेला. काकांनी डोळे मिटले, आणि आत कुकरची शिट्टी झाली.

घरी कुकरला बंदी आहे. पण बोटीवर गॅस जपून वापरायचा, हे काकांनीच इतक्या वेळा बजावलं होतं, की काकूंनी गुपचूप बॅगेत कुकर भरला होता. शिट्ट्या होत राहिल्या, तशी दोन्ही बोटींवरची माणसं घाईघाईने होड्या वल्हवत आली. कुणीतरी मदतीला बोलावतंय, असं त्यांना वाटलं. एका डच आजोबांनी तर आग विझवायचं नळकांडंही आणलं होतं. काकूंनी सगळ्यांना वर घेतलं आणि वरण-भात वाढला. अंधार पडेपर्यंत कुणी हललं नाही.

पाहुणे गेल्यावर काकूंनी निकाल दिला. 'घ्या बोट. पण माणसं असतील तिथेच थांबायचं.'

हे काका मला सांगत होते, तेव्हा स्वयंपाकघरात काकू त्या आजोबांच्या बायकोशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. काकूंना इतकं मोठ्याने हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग घेणार का बोट, असं मी विचारलं. काका थोडा वेळ तिकडेच कान देऊन बसले.

'घेणार ना,' ते म्हणाले. 'मला इतकी वर्षं वाटायचं, हिलाही बोलायला आवडत नाही.'