विलायती तारखांचा मास्तर

मिरजगावच्या शाळेतले पुंजाराम मास्तर स्वतःला रॉक संगीताचे न्यायाधीश समजायचे. रेडिओवर एखाद्या विलायती बँडच्या पहिल्या रेकॉर्डची तारीख चुकली, की यांचं पित्त खवळायचं. मग पुण्याच्या रद्दीतून आणलेली इंग्रजी मासिकं उलथीपालथी करायची आणि तांबड्या शाईत पुरावे लिहून रेडिओला पोस्टकार्ड धाडायचं.

बाहत्तरच्या जूनमध्ये आई मला शाळेत घालायला गेली. म्हणाली, "मास्तर, पोरगी पोळ्याच्या दिवशी झाली. आता सहावं सरंल."

मास्तरांनी मासिकातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "पोळा कोणत्या तारखेला होता ते कोण शोधत बसणार? एक जून टाकतो."

आमचा अख्खा वर्ग या तारीखतज्ज्ञानं एक जूनलाच जन्माला घातला.