सपाट फरशीवरचं कपाट

हॉस्पिटलात तिला सगळे सिस्टर म्हणत. घरीही नवरा थट्टेने तेच म्हणे. अर्धं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर त्यांनी फ्लॅट घेतला. भिंती पांढऱ्या, स्वयंपाकघर करड्या रंगाचं. सगळं मुलीच्या पसंतीचं. अजून स्वयंपाकघरात डबे लावूनही झाले नव्हते, तोच आत्याचं कपाट आलं.

आईवेगळ्या सिस्टरला आत्यानेच लहानाचं मोठं केलं होतं. "कपाट पोरीला द्या," असं ती जाण्याआधी बजावून गेली होती. काळपट लाकूड, वर कोरलेली वेलबुट्टी, दाराला भलामोठा आरसा. लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा हमालांनी धापा टाकत जिन्याने चढवलं.

मुलीने कपाळाला हात लावला. "आई, पांढऱ्या चादरीवर शाई सांडल्यासारखं दिसतंय गं!"

सिस्टरलाही ते खटकत होतं, पण कबूल करायची तिची तयारी नव्हती.

त्यात कपाटाचं दार लावलं की आपोआप उघडायचं. "बिल्डरने फरशी तिरकी घातलीये," नवऱ्याने निदान केलं. सुतार आला, पट्टी लावून बघितली, कपाटाखाली डोकावला.

"फरशी सपाट आहे, ताई. कपाटाचेच डावीकडचे पाय कुणीतरी कापलेत."

सिस्टरला एकदम आठवलं. आत्याच्या घरातली जमीन एका बाजूला खचलेली होती. म्हणून आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, करवत घेऊन बसले होते आणि आत्या मागे उभी राहून ओरडत होती, "अहो, कपाट बसवताय की बुटकं करताय?" दार नीट लागल्यावर आतोबा कितीतरी दिवस छाती पुढे काढून फिरत होते.

"उजवीकडचेही तेवढेच कापतो," सुतार म्हणाला. "चुटकीसरशी होईल."

"नको," सिस्टर म्हणाली. "आतोबांनी कापलं तेवढं पुरे. अजून किती बुटकं करायचं बिचाऱ्याला?"

ओट्याखालच्या कपाटांचे उरलेले करडे तुकडे तिने माळ्यावरून काढून दिले. सुताराने ते बेताने कापून डाव्या पायांखाली ठोकून बसवले. कपाट सरळ उभं राहिलं. दार लागलं.

मुलीने वाकून ते करडे पाय बघितले. "मुद्दाम केल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. मग तिनेच सुताराला हाताशी घेऊन ते ओढत जेवणाच्या टेबलाजवळ नेलं, तिथली काचेची मांडणी शेजारणीला देऊन टाकली आणि ताटंवाट्या आत रचल्या. आरशात आता करडं स्वयंपाकघर दिसत होतं.

आत्या गेली तेव्हा सिस्टरला रडायला सवडच मिळाली नव्हती. सुतार गेल्यावर कपाटाच्या दाराला टेकून ती हमसून हमसून रडली. नवरा चहा करून घेऊन आला. तिने तो उभ्यानेच प्यायला, तोंड धुतलं आणि ड्युटीला गेली.