पंचमीला न मेलेला माणूस

पितृपंधरवड्यात तुमच्या घरी ज्यांच्या नावाने पान वाढलं जातं, ती माणसं त्या त्या तिथीला खरोखर मेली होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

आमच्या घरात हे कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. पंचमीला माझ्या खापरपणजोबांचं श्राद्ध असायचं. आई सकाळपासून उडदाचे वडे आणि कोहळ्याची भाजी करायची, बाबा पाटावर बसायचे, पान मागच्या पत्र्यावर ठेवलं जायचं, आणि कावळा शिवला की आमची पंगत बसायची. जेवताना मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, दरवर्षी तीच हकिगत सांगायचे. आपले पूर्वज वर्ध्याकडचे शेतकरी. इंग्रजाच्या विरुद्ध उभे राहिले म्हणून काळ्या पाण्यावर गेले, आणि तिकडेच हुतात्मा झाले. हे सांगताना ते हातातला वडा पानात ठेवायचे. पंगतीत नवा जावई असला की हकिगत लांबायची आणि कढी निवून जायची.

मला या माणसाचा फार अभिमान होता. बाबा फॅक्टरीत युनियनचं काम करायचे. आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढिगाने. पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. मला सलग वाचता आलेला पहिला शब्द 'साथियो' होता. बाबांचा पत्रकाबद्दल एक नियम होता. जे लिहाल ते कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. त्या माणसाचं नाव छापू नका, पण तो कोण हे आपल्याला ठाऊक पाहिजे. या नियमावर बाबा भल्या भल्या पुढाऱ्यांशी भांडले. घरातल्या हुतात्म्याला मात्र तो नियम त्यांनी कधी लावला नाही, आणि मीही नाही. शाळेत, कॉलेजात, मोर्चात मी सांगत फिरले की आमच्या रक्तातच बंड आहे.

मागच्या वर्षी इथे जबलपुरात, राइट टाउनमधल्या आमच्या मराठी सभागृहाने आवारात एक दगड बसवायचं ठरवलं. ज्यांच्या घरातलं कोणी स्वातंत्र्यासाठी गेलं, त्यांची नावं त्यावर कोरायची. मोठे बाबा कार्यकारिणीत होते, त्यामुळे आमच्या खापरपणजोबांचं नाव सगळ्यात आधी पोचलं. समारंभात वाचायला एक पान लिहून दे, असं त्यांनी मला सांगितलं. घरात लिहिणारी मी एकटीच.

लिहायला बसले तर हाताला काही लागेना. त्यांचं गाव कोणतं? वर्ध्याकडचं. त्यांनी काय केलं? बंड. कोणाबरोबर, कुठे? बाबा म्हणाले, ते दिवसच तसे होते. सगळं धूसर, फक्त एक गोष्ट पक्की होती, ती म्हणजे तिथी. आणि तिथेच मी अडखळले. समुद्रापलीकडे मेलेल्या कैद्याची तिथी जबलपुरात कोणाला कळली असेल? मी आईला विचारलं. तिने हातातली लाटी तशीच ठेवली आणि म्हणाली, तिचा एक मामा घर सोडून गेला होता, तो कधी वारला ते कळलंच नाही, म्हणून त्याचं सर्वपित्री अमावस्येला करतात. ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांचं अमावस्येलाच करतात. मग आपल्याकडे पंचमी कशी? लग्न होऊन आल्यापासून ती पंचमीचे वडे तळत होती. तिलाही हे आत्ताच सुचलं. ती म्हणाली, मझौलीला जा.

जबलपूरजवळच्या मझौलीला आत्याआजी राहते. ती बाबांची आत्या, म्हणजे त्या कैद्याची सख्खी नात. मुलाच्या बियाण्यांच्या दुकानामागे तिची खोली आहे. मी गेले तेव्हा ती टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत होती. मला पाहून म्हणाली, लिहिणारी आली, आता कोणाचा पगार वाढवायचा आहे? तिच्या हिशेबाने मी आणि बाबा एकच काम करतो. मी दगडाचं सांगून पंचमीचं विचारलं तशी तिने टीव्हीच बंद केला.

"ती मेल्याची तिथी नाही पोरी," ती म्हणाली. "जाळल्याची आहे."

मग ती सांगत गेली. तिच्या आजीने, म्हणजे त्या कैद्याच्या बायकोने, तिला लहानपणी सांगितलेलं, आणि पुढचं तिच्या आईने. तिचे आजोबा तीन भावांतले धाकटे. शेताच्या धुऱ्यावरून शेजारच्या शेतकऱ्याशी भांडण झालं. तिघांनी मिळून त्याला मारलं आणि तो मेला. थोरल्या दोघांना पोरंबाळं जास्त होती, धाकट्याला एकच मुलगा. त्याने गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा, बायकोमुलाला आम्ही सांभाळू, असं ठरलं. ना इंग्रज, ना बंड. बांधावरची हाणामारी आणि एक मेलेला शेजारी.

शिक्षा झाल्यावर त्याला पुढे पाठवण्याआधी काही दिवस जबलपूरच्या तुरुंगात ठेवलं. बायको मुलाला घेऊन त्याच्या मागोमाग इथे आली. आम्ही नोकरीसाठी जबलपूरला आलो, असं आमच्या घरात सांगतात. आम्ही तिच्या पायांनी इथे आलो. ती धर्मशाळेत राहायची आणि तुरुंगाच्या फाटकाशी जाऊन बसायची. एकदा तिला तो लांबून दिसला.

मग गावाहून दीर आले. म्हणाले, नर्मदेवर चल, त्याच्यासाठी स्नान करू. घाटावर गेल्यावर तिने पाहिलं की पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा एक पुतळा तयार आहे, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आहे, आणि तिच्या मुलाचं डोकं भादरायला न्हावी बसला आहे. माणूस काळ्या पाण्यावर जिवंत असला तर घर बाटतं, पोरींची लग्नं मोडतात, बिरादरी पाणी तोडते, वाळीत टाकते. मेलेला असला तर यातलं काही होत नाही. म्हणून तो जायच्या आधीच त्याला मारून टाकायचं होतं. ती ओरडली की मी त्याला आत्ताच पाहिलं आहे. दिरांनी तिला धरलं, त्यांच्याबरोबर आलेल्या बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, आणि मुलाकडून पुतळ्याला अग्नी देववला. त्या दिवशी पंचमी होती. ज्याला जाळला तो त्या वेळी याच शहरात, तुरुंगाच्या भिंतीआड, भाकरी खात असेल.

ती गावाला परत गेली नाही. लोकांची दळणं दळून तिने मुलाला वाढवलं, तो फॅक्टरीत लागला, त्याचं लग्न झालं. दरवर्षी पंचमीला तो बापाचं श्राद्ध घालायचा.

"आजी त्या दिवशी जेवायची नाही," आत्याआजी म्हणाली. "शेजारच्या बाया म्हणायच्या, काय पतिव्रता आहे. कशाची पतिव्रता? संतापाने उपाशी राहायची ती. मी पाहिलं आहे तिचं तोंड."

मला वाटलं गोष्ट संपली. ती संपली नव्हती. तो परत आला होता.

शिक्षा भोगून सुटला आणि विचारत विचारत जबलपुरात घराशी पोचला. दार मुलाने उघडलं, माझ्या पणजोबांनी. आत्याआजीची आई तेव्हा नवी सून होती आणि आतून ऐकत होती. आलेल्या माणसाने आपण कोण ते सांगितलं. पणजोबा म्हणाले, "माझे वडील वारले. मी दरवर्षी त्यांचं श्राद्ध करतो." आणि दार लावून घेतलं.

तो कुंडमकडे निघून गेला. तिथल्या जंगलात लाकूडतोडीचं काम मिळायचं. बायकोला कळल्यावर ती जमेल तेव्हा बाजाराच्या दिवशी भाकरी बांधून जायची, कपाळ पांढरं ठेवून, विधवेच्या लुगड्यात, आपल्या जिवंत नवऱ्याला जेवू घालायला. पाय चालेनासे झाले तेव्हा जाणं थांबलं. तो कधी मेला, कोणी जाळला की पुरला, हे आत्याआजीलाही ठाऊक नाही. सरकारने त्याच्या शिक्षेला शेवट ठेवला होता. आम्ही ठेवला नाही.

मी विचारलं, ज्याला मारलं तो शेजारी कोण होता? ती म्हणाली, त्याचं नाव आपल्यात कोणी ठेवलंच नाही. त्याच्या बायकोचं काय झालं हे विचारायला मला धीर झाला नाही. तिला विधवा करायला तर पुतळाही लागला नव्हता.

निघताना आत्याआजीने माझा हात धरला. "तो पंचमीचा दिवस बंद करा. अन् दगडावर हुतात्मा लिहू देऊ नका. आजीला पाहिलेली मी एकटीच उरली आहे. मी गेली की तुमचं खोटं कोणी खोडणार नाही. माझ्या डोळ्यांदेखत करून टाका, चलो."

मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांचा नियम मीच त्यांना ऐकवला. ज्या माणसाचं श्राद्ध त्याच्या हयातीत घातलं, त्याच्या बायकोला पंचमीला उपाशी बसलेलं पाहणारी बाई मझौलीला आहे. बाबांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. ज्यांनी फॅक्टरीच्या फाटकावर साहेबांच्या गाड्या अडवल्या, ते बाबा म्हणाले, "युनियन वेगळी, घर वेगळं."

मोठे बाबा इतके सौम्य नव्हते. आत्याला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि तू तिचं काहून ऐकून राहिली, असं ते म्हणाले. मग आवाज उतरवून त्यांनी खरी अडचण सांगितली. "जावयांना काय सांगू? आमचे पूर्वज खुनी होते?"

मी म्हटलं, "सांगा की त्यांनी माणूस मारला, शिक्षा भोगली, घरी आले आणि आपण दार लावलं. यातलं लाज वाटण्यासारखं कोणतं, ते जावईच ठरवतील."

"तुमची पत्रकं बाहेर वाटा," ते म्हणाले. "घरात नको."

मी पान लिहिलं. जसं ऐकलं तसं लिहिलं. समारंभात ते वाचलं गेलं नाही. कार्यकारिणीतल्या एकाने दुसरंच वाचलं, त्यात आमच्या खापरपणजोबांनी जहाजावर चढताना घोषणा दिली होती. टाळ्या पडल्या. बाबा पहिल्या रांगेत खांद्यावर शाल घेऊन बसले होते. कोणत्याही मालकापुढे खाली न गेलेली त्यांची मान मी त्या दिवशी खाली पाहिली, आणि मला त्यांची दया आली नाही. अजूनही येत नाही.

यंदा पंचमीला आईने वडे केले नाहीत. कोणाशी भांडली नाही, फक्त वरणभात लावला आणि टीव्ही लावून बसली. श्राद्ध मोठ्या बाबांकडे झालं. बाबा तिकडे जाऊन पाटावर बसले आणि येताना डबा घेऊन आले. आईने तो उघडला नाही.

संध्याकाळी आत्याआजीचा फोन आला. दिवस बंद झाला का, तिने विचारलं. मी म्हटलं, आपल्या घरी झाला, मोठ्या बाबांकडे चालू आहे. तिने विचारलं, अन् दगड? मी म्हटलं, आहे तसाच आहे. ती म्हणाली, अच्छा, आणि फोन ठेवला. ही बाई वाट पाहते आहे, आणि तिच्याजवळ वेळ थोडा आहे.

वाचकहो, तुम्ही जबलपूरचे असाल तर त्या सभागृहात तुमचं जाणंयेणं असणार. मुंजी, लग्नं, हळदीकुंकू तिथेच होतं. आवारातल्या दगडावर आमचं आडनाव पहिलंच आहे, ते शोधावं लागत नाही. कार्यकारिणीला एका ओळीचं लिहून द्या, की त्या नावापुढचा 'हुतात्मा' हा शब्द छिन्नीने काढावा. नाव राहू द्या, तो माणूस होता. माझे अर्ज ते न वाचताच बाजूला ठेवतात, म्हणून तुमच्या सहीने द्या, आणि या महिन्यातच द्या.