माझं मशीन कायम मोकळं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय — कुणास ठाऊक. तुमचं माझ्याविषयी मत चांगलं व्हावं म्हणून तर नक्कीच नाही.

माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. देशात नवं वारं सुटलेलं, म्हणून चेअरमननी सहा कॉम्प्युटर आणले — आणि त्यांना हार घातले. हार! असल्या अडाण्यांत मी पुण्याची पदवी घेऊन बसलेलो. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, ती यादी एकच मशीन दिवसभर काढत बसायचं, बाकीची पाच नुसती घुरघुरायची. यावर काय करावं ते मलाही सुचत नव्हतं. पण कबूल कोण करतो?

सुचलं रफिकला. हंगामी ऑपरेटर, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, दोन लेकरांचा बाप. मशीनं तारेनं जोडलेली होतीच. त्यानं एकच निरोप सगळ्यांना एकदम जाईल असं केलं: कोण मोकळं आहे? जे आधी उत्तर देईल त्याला एका गावाचं काम. दिवसाची यादी दोन तासांत निघाली. मला इतका राग आला — काय सांगू!

कुठल्या मशीननं किती गावं केली, ते पडद्यावर दिसायचं. साहेबाचं मशीन मागे? छे! मी गुपचूप माझ्या मशीनमध्ये एक ओळ घातली. कामात बुडालेलं असलं तरी ते सगळ्यांच्या आधी सांगायचं, मी मोकळं. झालं — सगळी गावं एकदम त्याच्यावरच येऊन पडली आणि ते बंद पडलं; पुन्हा चालू केलं की पुन्हा तेच. ऐन हंगामात दोन दिवस यादी नाही, तोड बंद, गाळप बंद.

रफिकला ती ओळ सापडली. मला एकट्याला गाठून हळूच म्हणाला, "सर, तुमचं मशीन खोटं बोलतंय. तुमीच काढा. मी कुणाला सांगत न्हाई."

तेवढ्यात कार्यकारी संचालकांनी दोघांना बोलावलं. रफिक माझ्याकडे बघत उभा राहिला — त्याला वाटलं, मी बोलेन. बोललो की.

"मी आधीच म्हणालो होतो साहेब, असल्यांच्या हातात मशीन देऊ नका."

असल्यांच्या म्हणजे कसल्यांच्या? साहेबांना बरोबर कळलं. मला तेच हवं होतं. रफिकनं मला दिलेला शब्द पाळला. त्याच दिवशी त्याला काढलं.

मग मी ती ओळ पुसली. यादी निघाली. बिघाड मी शोधला म्हणून माझा सत्कार झाला, आणि रफिकची ती पद्धत कारखान्यात माझ्या नावानं ओळखली जाऊ लागली. सत्कारातली शाल थंडीत अजून पांघरतो. उबदार आहे.